भासऱ्यांचा पाय

११ ऑक्टोबर १९५४

बकाराम मिशनच्या दवाखान्यात आला. बैलगाडीत आडवा पडून आला. त्याच गाडीत.

डॉक्टरीणबाईंनी पायाचं फडकं सोडलं तशा व्हरांड्यातल्या बाया नाकाला पदर लावून उठून गेल्या. धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलात काटा मोडला, तो आतच राहिला. वर साखरेचा आजार. अंगठा काळा पडलाय, सूज घोट्याच्या वर चढली आहे. सोबत बायको होती — जमुनाबाई, माझी जाऊ. तिने मला ओळखलं आणि मान खाली घातली. त्याने ओळखलं की नाही कळलं नाही, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वच्छला, याची पट्टी रोज तूच करायची." त्यांना काय माहीत हा कोण. मी हो म्हटलं.

इथे कागदावर 'तो' लिहिते आहे. भासऱ्याला, नवऱ्याच्या थोरल्या भावाला, 'तो' म्हणणारी मी गावातली पहिलीच असेन. असू दे.

१२ ऑक्टोबर

झोप नाही. लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

पाच वर्षांपूर्वीचा आषाढ. गावात हैजा, पटकीची साथ. आम्ही नवरा-बायकोने आदल्या नाताळात बाप्तिस्मा घेतला होता, म्हणून घरातून वेगळे काढलेले, गावाच्या टोकाला झोपडीत. टिकारामना सकाळी ओकारी सुरू झाली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. गोंदियाला दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते. गावात गाड्या पुष्कळ, पण वाळीत टाकलेल्याला देणार कोण? त्यांच्या सख्ख्या भावाकडे, बकारामकडेच धावले.

सुनेने भासऱ्याशी बोलायचं नाही, समोर जायचं नाही, त्याच्या सावलीलासुद्धा शिवायचं नाही — आमच्याकडची रीत. देव बदलला तरी रीत अंगातून जात नाही. नवरा मरतोय आणि मी डोक्यावर पदर ओढून दाराबाहेरून जावेला हाका मारत राहिले! दार उघडलं नाही. आतून जमुनाबाई बोलली — "ते नाही म्हणून राहिले. गाडी नाही भेटत."

दिवस मावळायच्या आत टिकाराम गेले.

माती द्यायला तो आला. लांब शेताच्या धुऱ्यावर खाली मान घालून उभा. भावाने भावाला गाडी दिली नाही म्हणून सगळं गाव थुंकलं, त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. उघडणार कसा?

१७ ऑक्टोबर, रविवार

मिशनच्या देवळात गेले. सगळ्यांसोबत प्रार्थना म्हणते, पण आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याचं वाक्य आलं की माझं तोंड मिटतं. पाच वर्षं झाली. शेजारच्या सुशिलाबाईला माहीत आहे, ती मुद्दाम मोठ्याने म्हणते, म्हणजे माझी जागा रिकामी ऐकू येऊ नये.

प्रभुभोजनाची भाकरही घेत नाही. मनात वैर धरून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हा आमच्या मंडळीचा नियम. ताट माझ्यासमोर येतं, मी पुढे सरकवते. टिकारामच्या शेजारी बसून एकदाच घेतली होती. मरायच्या आधी ती पुन्हा घ्यायची आहे. दुसरं मला या जगात काही नको.

आणि आता प्रभूने वैरीच आणून खाटेवर टाकलाय. ठीक आहे. करून दाखवते.

आजपासून नेम — त्याची पट्टी झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही. सोमवारी आणि शुक्रवारी कडक उपास. पट्टी करताना तोंडावर एक सुरकुती येऊ द्यायची नाही. राग आला तर त्याच दिवशी आणखी एक उपास. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भाकर घ्यायचीच.

२० ऑक्टोबर

पट्टी केली. नेम पाळला. तोंड सरळ.

२३ ऑक्टोबर

आमच्या मडक्यातलं पाणी त्याला चालत नाही. मिशनच्या खाटेवर झोपतो, मिशनचं इंजेक्शन घेतो, पाणी मात्र जमुनाबाई फुलचूरच्या वाटेवरच्या विहिरीचं लोट्यात घेऊन येते. हसू आलं. तोंड सरळ ठेवलं.

आमचं बोलणंही बघण्यासारखं. मी डोक्यावर पदर ओढून त्याच्या पायाशी, तो भिंतीकडे तोंड करून. "तिले सांग, जरा हळू कर म्हनाव." हे तो भिंतीला सांगतो. जमुनाबाई मला सांगते, "हळू कर म्हणतात." मी तिला सांगते, "हळूच करतेय म्हणावं." हातभर अंतर, आणि मधे ही टपालवाली. त्याचा पाय माझ्या मांडीवर आहे, रीतीला त्याचं काही वाटत नाही. बोलू मात्र नये!

जमुनाबाई माझ्या नजरेला नजर देत नाही. देऊ नकोच.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

गावोगाव दिवाळीनंतरच्या मंडया, जत्रा भरल्यात, दिवसभर रस्त्याने माणसांची रीघ. दवाखाना ओस. पाळकसाहेब केशोराव रोग्यांसाठी प्रार्थना करायला आले, त्यांनी मला चहा नाकारताना पाहिलं.

"कसला उपास, वच्छलाबाई?"

सांगितलं सगळं. वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या आईने सोळा सोमवार केले होते?"

"केले होते."

"तुम्ही सतरावा करताय."

मला झोंबलं. पुढे म्हणाले, "बाई, क्षमा कमवता येत नाही. आपल्या बळावर तुम्ही फक्त तोंड सरळ ठेवू शकता. मन प्रभूच्या हातात द्या, हात रिकामे करा." रिकाम्या हाताने पट्टी कशी बांधायची, ते नाही सांगितलं. यांचं कोणी असं नाही मेलं. वैऱ्याच्या खाटेला लागून यांना बसावं लागत नाही. देवाने करायचं तर देवाने पाच वर्षं काय केलं? मी दोन आठवड्यांत जे केलं ते तरी दिसतंय.

उपास मोडला नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

प्रभुभोजन. ताट समोर आलं. हात उचलला होता. मग मनात डोकावले — राग दिसला नाही. पण तो गेला नव्हता, दबून बसला होता. ताट पुढे सरकवलं. पुढच्या महिन्यात नक्की. नेम चांगला चाललाय.

१२ नोव्हेंबर

पाय गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नागपूरला नेऊन गुडघ्यातून कापावा लागेल, तरच जीव वाचेल. तो भिंतीला म्हणाला, "एका पायानं धानाच्या बांधीत कसा उतरू मी? राहू द्या." आणि विषय संपला.

वास आता कपड्यांना लागतो. घरी येऊन केस धुते तरी जात नाही. तरी तोंड सरळ. मला माझा अभिमान वाटतो, खोटं कशाला लिहू.

१६ नोव्हेंबर

धान कापणीला आलंय म्हणून जमुनाबाई सकाळीच गावी गेली. दुपारी खोलीत आम्ही दोघंच. त्याला ताप. मी पट्ट्या गोळा करत होते.

"वच्छला. पानी."

भिंतीला नाही. मला. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव त्याच्या तोंडून. जमुनाबाईचा लोटा रिकामा होता. आमचं मडकं दोन पावलांवर.

मी ऐकलं. पट्ट्या उचलल्या आणि मागच्या अंगणात गेले. एकेक पट्टी सोड्याच्या पाण्यात धुतली, पिळली, दोरीवर वाळत घातली, एकेकीच्या कडा ओढून सरळ केल्या. तेवढ्या वेळात त्याने आणखी हाका मारल्या. पहिली मोठी, नंतरच्या बारीक. मला टिकारामचं ओठ चाटणं आठवलं. आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं — बरं वाटलं. खूप दिवसांनी भूक लागलेल्याला जेवताना वाटतं तसं.

आत गेले तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे बघत होता. रागाने बघता तर सोपं झालं असतं. मडक्यातलं पाणी दिलं. त्याने विचारलं नाही कुठलं. माझ्या हाताने सगळं प्याला.

१७ नोव्हेंबर

तर हे माझं पुण्य. इतके उपास, सरळ तोंड, सगळं या एका दुपारपर्यंत. मी राग मारत नव्हते, पोसत होते. उपाशी राहून पोसत होते. त्याने गाडी दिली नाही, मी पाणी दिलं नाही. त्याला निदान हैज्याची भीती होती म्हणता येईल. मला कसली भीती होती?

दुपारी देवळात गेले. कोणी नव्हतं. चटईवर बसले आणि म्हटलं, मला नाही जमत. पाळकांसारखी लांब प्रार्थना येत नाही. एवढंच म्हटलं — मला नाही जमत, माझ्याकडून होणार नाही, करायचं तर तू कर.

काही झालं नाही. उजेड पडला नाही, रडू आलं नाही. थोडा वेळ बसले, मग गुडघे दुखायला लागले म्हणून उठले. घरी येऊन भात खाल्ला आणि भरल्या पोटी पट्टी करायला गेले. नेम संपला.

२१ नोव्हेंबर, रविवार

आज एक गोष्ट झाली. पट्टी करताना अर्ध्यावर लक्षात आलं — मी आपल्या तोंडाकडे लक्षच देत नव्हते. पायाकडे देत होते. दुखतं कुठे, पू कुठून येतो, तेच बघत होते. त्यांना पाणी हवं होतं, मागायच्या आधी दिलं.

जमुनाबाई गावीच. मी पदर मागे सारला आणि थेट विचारलं, "गाडी काऊन नाही देली तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटले. वाटलं, ग्लानी आली. मग म्हणाले, "झालं ते झालं. माह्या नावावर आहे तं राहू दे."

माफी मागितली नाही. कारण सांगितलं नाही. आता राग मस्तकात जाईल म्हणून मी वाट बघत राहिले. काही गेलं नाही. पट्टीची गाठ मारली, पाय उशीवर ठेवला. हे मी केलेलं नाही, एवढं नक्की. मला असं करता येत नाही, ते त्या दुपारी पुरतं कळलं आहे.

२२ नोव्हेंबर

पेज भरवली. चार चमचे.

२५ नोव्हेंबर

भासरे सकाळी गेले. माझा हात धरून होते. रीत बघायला कोणी नव्हतं.

जमुनाबाई शेतावरून आली ती पायाशी बसली, रडली नाही. मीच रडले. पाच वर्षं ज्याच्या मरणाची वाट पाहिली त्याच्यासाठी. गाडीमागून नागऱ्याच्या फाट्यापर्यंत चालत गेले. पुढे त्यांच्या माणसांनी बघितलं तशी थांबले.

३० नोव्हेंबर

पाळकसाहेबांना सांगितलं, पाणी न दिल्याचंही. ते म्हणाले, "आता कळलं ना, कोणाच्या बळावर?" मी म्हटलं, "कळलं. पण उशिरा, पाळकसाहेब. माणूस गेला."

५ डिसेंबर, रविवार

टिकाराम बसायचे त्या चटईच्या कडेला बसले. प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. सुशिलाबाईने माझ्याकडे वळून पाहिलं. ताट आलं, भाकर घेतली.

पाच वर्षांनी पहिल्यांदा शांत झोपणार. वैर संपलं.

६ डिसेंबर

सकाळी जमुनाबाई आली. गावाहून एकटी, पायी. ओट्यावर बसली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली —

"त्या दिवशी ते घरी नोहते. गोंदियाच्या बाजारात गेले होते. गाडी दारातच होती, हाकायले सालदारबी होता. लेकरं लहान होते, हैजा घरात येईन म्हून मी भेली. त्यायचं नाव घेऊन मीच नाही म्हटलं. आल्यावर त्यायले सांगितलं. मंग म्हणाले, तू कोनाजवळ बोलू नोको, मीच नाही म्हटलं असं समजू दे लोकायले."

ती अजून बाहेर बसून आहे. मी लिहीत बसले आहे, कारण माझ्याने उठवत नाही. प्रभू, तू उठव.