मिटलेली मूठ

रॉटरडॅम, १४ नोव्हेंबर १९३४

लास्त्रीताई,

सलाम. भावजी, पोरं बरी असतील. मी धडधाकट आहे. जहाज दुरुस्तीला लागलंय, म्हणून शहरात उंडारतो. इथले लोक कच्चा मासा शेपटीला धरून गिळतात. मीही गिळला आणि आपल्या मिरचीची फार आठवण आली. हे पत्र एकटीनेच वाच.

परवा थंडी चुकवायला एका चित्रांच्या इमारतीत शिरलो. भिंतीवर आपलं गाव. आपली म्हैस, तळ्यात डुंबणारी पोरं. आणि आई, भात खुडताना वाकलेली. जावा बेटावर, आपल्या गावात महिनाभर राहिलेली ती पेन्सिलवाली डच बाई आठवते ना? तिचीच चित्रं.

रखवालदार म्हणाला, "काय रे, पाय चिकटले का?"

"आई आहे माझी."

"मग नमस्कार सांग."

बूट फाटलेत, तेही लिहायचं होतं. राहू दे.

ताई, ती बाई आली त्या वर्षी मी चहाच्या टपरीवर बसायचो. पोरं चिडवायची, "तुझी आई आता मडमीण होणार." मी फुशारकीत म्हणालो, "होणारच. तिने मूठ उघडून बाईला भात खुडायचं पातं दाखवलं, भर शेतात." आपल्याकडची कुठली बाई भातदेवीला धार दाखवेल? देवी घाबरून शेत सोडते, म्हणून तर चिमुकलं पातं मुठीत लपवायचं. मी सहज ठोकून दिलं. नंतर शेतात उंदीर लागले, पीक बुडालं.

कापणीच्या बायकांची म्होरकी कार्सिनाह मावशी दारात आली. "उद्यापासून कापणीला येऊ नकोस."

"मी नाही दाखवलं," आई म्हणाली.

"तुझाच पोरगा सांगतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी उकडलेला कंद खात होतो. खातच राहिलो.

तेव्हापासून मरेपर्यंत ती एकटी चटया विणत बसली. पण पोरगा खोटं बोलतो, असं ती कुणाला म्हणाली नाही. मलाही नाही. तू विचारायचीस ना, मी जहाजावर का पळालो?

आईच्या चित्राचं छापील कार्ड सोबत आहे. मूठ बघ. घट्ट मिटलेली. त्या बाईने म्हशीच्या कानातली गोचीडसुद्धा सोडलेली नाही. पातं दिसलं असतं, तर तेही चित्रात काढलंच असतं.

वर एकटीने वाच म्हटलंय, ते खोडतो. कापणीच्या पहिल्या दिवशी मावशीच्या अंगणात, सगळ्या बायकांसमोर मोठ्याने वाच. टपरीची गोष्ट गाळू नकोस. मग कार्ड आईच्या कबरीवर ठेव, वर दगड ठेव, नाहीतर वाऱ्याने उडेल.

आईला गावात खोटं पाडणारा,
तुझा धाकटा
वागिमान