जुलैच्या पानावरचा रॉबिन

१ जून, सकाळी ७.१०
आमच्या दक्षिण गोलार्धात आजपासून हिवाळा, आजपासून शिस्त. आमच्या पक्षीमंडळाच्या पुढच्या कॅलेंडरात जुलैचं पान माझं. जुलै माझ्या वाढदिवसाचा महिना. आणि गेली तीन वर्षं तो महिनाभर आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर मेहुण्याने, म्हणजे रसेलने, काढलेला फोटो! त्याचा पाणकावळा बघत मी टोस्ट खायचा. आता बास. नवी लेन्स आली आहे. हाताएवढी लांब.

२ जून
पाऊस. लेन्स पुसली.

८ जून
विषय ठरला. रॉबिन. मूठभर जीव, राखाडी अंग, काडीसारखे पाय. नोलीन म्हणाली, त्यात काय, बुटाने पाचोळा उकर, किडे खायला आपणहून येईल. बायकोला समजावलं की ही कोंबडी नव्हे, रानातला पक्षी लाजाळू असतो. ती बरं म्हणाली. तिचं हे 'बरं' मला आवडत नाही.

१५ जून, दुपार
टेकडीमागच्या जंगलात पहिली फेरी. रॉबिन दिसला! थेट माझ्या बुटावर येऊन बसला आणि नाडी ओढायला लागला. पण चार मीटरच्या आतलं या लेन्सला स्पष्ट दिसत नाही. मी मागे सरकलो. तो पुढे आला. मी आणखी मागे. तो आणखी पुढे. शेवटी मी ओढ्यात बसलो.
नोलीनने विचारलं, फोनवर काढू का? म्हटलं, कॅलेंडर आहे, चेष्टा नाही.
निष्कर्ष: या पक्ष्याला अंतराचं भान नाही.

१६ जून
कंबर.

१७ जून
कंबर. रसेल बघायला आला. म्हणाला, लेन्स मोठी झाली की पक्षी लहान पडला? वर सगळे चीज-रोल खाऊन गेला.

४ जुलै
अडुसष्ट पूर्ण. भिंतीवर पाणकावळा. खरं सांगायचं तर सकाळी वाईट वाटलं. इतक्या वर्षांत भिंतीवर लावावं असं आपल्या हातून काहीच झालं नाही. नोलीनने विचारलं, काय झालं? म्हटलं, टोस्ट करपलाय.
(ही नोंद नंतर खोडणे.)

१९ जुलै, संध्याकाळ
आज पूर्ण शास्त्रशुद्ध. अंगावर हिरवी जाळी, लेन्स समोरच्या फांदीवर रोखलेली, एक डोळा मिटलेला. नोलीनला बजावलं की तोंडातून शब्द काढायचा नाही. तरी तिने दोनदा हातवारे केलेच. दुर्लक्ष केलं. लेन्सवर काहीतरी टकटक होत होतं. झाडावरचं दव असेल. तिकडेही दुर्लक्ष. एकाग्रता म्हणतात ती हीच.
तीन तासांत एकही रॉबिन फिरकला नाही. नोलीनचे खांदे मात्र सारखे हलत होते. थंडीच तेवढी होती.

३१ जुलै
शेवटची तारीख. फांदीचा फोटो पाठवला. पक्षी नुकताच उडून गेलाय हे जाणकाराला कळतं. नोलीनही मंडळाच्या चिटणीस आयव्हीबाईंना काहीतरी पाठवत होती. चीज-रोलची कृती असणार.

१८ ऑगस्ट
मंडळाची सभा. आयव्हीबाईंनी पडद्यावर एकेक महिना दाखवला. जुलै म्हटल्याबरोबर मी कोट सारखा करून उभा राहिलो.
पडद्यावर हिरवी जाळी. जाळीतून बाहेर आलेली माझी लेन्स. लेन्सच्या टोकावर रॉबिन, मान वाकडी करून काचेत डोकावतोय. मागे मी, एक डोळा मिटून. खाली लिहिलेलं: रॉबिन, फोटो नोलीनचा. माझं नाव कुठेच नाही. आणि मी उभा. लोकांना वाटलं, मी अभिवादन करतोय. टाळ्या थांबेनात.
रसेल डोळे पुसत म्हणाला, पक्षी ठीक आहे, पण मागचं झुडूप अप्रतिम.
गाडीत मी उगाच काच पुसत बसलो. नोलीनच म्हणाली, मला माझ्या भिंतीवर जुलैत तूच हवा होतास, पाणकावळ्याला मीही कंटाळले होते. बरं वाटलं. पण तसं दाखवलं नाही. म्हटलं, पक्षी लेन्सवर बसला होता तर सांगायचं नाही?
ती म्हणाली, दोनदा हात केले. बोलायचं नाही असं तूच बजावलं होतंस.