पेशी कुणामुळे मेल्या

चोआ चू कांग, सिंगापूर
मंगळवार, ११ मार्च २०२५

ती. अण्णांना सारंगचा नमस्कार.

आम्ही इथे बरे आहोत, तुमचे गुडघेही बरे असतील असं धरून चालतो. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मधेच तोडता. पत्राला तसं करता येत नाही.

ताई मजेत. अवनीला मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं. कामाला तुआसला जाताना मी कधीकधी उगाच शेवटच्या स्टेशनपर्यंत जातो, तिथून चालत जाऊन बंदराच्या क्रेन बघत बसतो. परवा तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, एका काकांनी असलं मासळीचं सूप दिलं म्हणता! असो.

लॅबचं सांगतो. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जी कृत्रिम लेन्स बसवतात, ती शरीराला चालेल का हे आम्ही बघतो. लेन्स कोमट द्रवात ठेवायची, मग तो द्रव जिवंत पेशींवर घालायचा, एक दिवस थांबायचं. शेजारी आणखी दोन डिश. एकीत निरुपद्रवी प्लास्टिक ठेवलेला द्रव, तिथे पेशी जगायलाच हव्यात. दुसरीत विषारी रबर ठेवलेला, तिथे मरायलाच हव्यात.

गेल्या आठवड्यात लेन्सच्या डिशमधल्या पेशी मेल्या.

आमच्या लॅबच्या प्रमुख मेधा मॅडम म्हणाल्या, "सारंग, तुझ्याच हातून काहीतरी झालं असेल. 'टेक्निशियनची चूक' म्हणून सही कर, हा रिझल्ट बाद करू आणि पुन्हा टेस्ट लावू."

"नाही करणार," म्हटलं.

"अरे, तुझी पहिली चूक थोडीच आहे?"

नाहीच. जानेवारीत खिडकीवर धनेश पक्षी येऊन बसला, एवढी मोठी चोच, आणि मी बघत राहिलो. पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचं दार उघडंच राहिलं. सगळ्या मेल्या. तेव्हा कुणी विचारायच्या आधी मी जाऊन सांगितलं, सही केली. केलेल्या चुकीवर सही करायला मला लाज वाटत नाही.

पण या वेळी जिथे जगायला हव्यात तिथे पेशी जगल्या, जिथे मरायला हव्यात तिथे मेल्या. तेच कपाट, तीच वेळ, हेच हात. मग एका डिशपुरतेच माझे हात घाण झाले काय? डिप्लोमा मी अर्धवट सोडला, पण एवढं मला कळतं. आणि मी सही केली की हा रिझल्ट कचऱ्यात. मग ती लेन्स कुणाच्या तरी डोळ्यात.

ताईही सही कर म्हणून मागे लागलीय. अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "मामा, जस्ट साइन लाह!"

आता मॅडम स्वतःच्या हातांनी तीच टेस्ट करताहेत. रिझल्ट गुरुवारी. त्यांच्याही पेशी मेल्या तर लेन्सचा तो लॉट थांबेल. जगल्या तर चूक माझीच ठरेल, नोकरी जाईल, इथे काम करायचा माझा पास रद्द, आणि मी पुण्यात तुमच्या दारात.

एक गोष्ट टाळत होतो, ती लिहूनच टाकतो. रविवारी तुम्ही ताईला म्हणालात, "चूक त्याचीच असणार. सही करून मोकळा हो म्हणावं त्याला." फोन स्पीकरवर होता, अण्णा. मी कांदा चिरत होतो.

मनालीत भांडी घासली, गोव्यात हॉस्टेल सांभाळलं, कुठेच टिकलो नाही. सगळं खरं. पण तुम्ही विचारलंतसुद्धा नाही की झालं काय. मॅडमनी निदान डिश तरी बघितली.

म्हणून हे आज, रिझल्टच्या आधी टाकतोय. गुरुवारनंतर कुणीही विश्वास ठेवेल, त्यात काय मोठंसं! तुम्हाला मिळेल तोवर इथे निकाल लागलेला असेल, पण मी तो कळवणार नाही. ताईलाही सांगू नको म्हणून बजावलंय. तुम्हाला काय वाटतं ते आधी लिहा. मग विचारा.

चूक नसताना न वाकणारा
तुमचाच मुलगा,
सारंग