दोघांत खेळायचे पत्ते

बाबा,

भात कुकरमध्ये आहे, वरण तेवढं गरम करून घ्या. बीपीची गोळी जेवल्यावर. मी बुटीबोरीच्या बसला निघाले.

टेबलावर पत्त्यांची दोन पाकिटं आहेत. आमच्या ऑफिसातला प्रीतम हा नवा खेळ खेळतो. यात ज्याचे त्याचे पत्ते वेगळे असतात. हवे ते जमवायचे, नको ते दुसऱ्याशी बदलायचे. मीही शिकावा म्हणते. हा दोघांतच खेळतात.

आई गेल्यावर रविवारी आपण पहिल्यांदा तीन-दोन-पाच खेळायला बसलो आणि तुम्ही सवयीनं तिघांचे पत्ते वाटले. तिसरे पत्ते तसेच पालथे पडून राहिले. ती असती तर म्हणाली असती, "काहून जी, हुकूम दाबून राहिले का?" तुम्ही सगळे गोळा करून कपाटात ठेवले. 

आईवाचून चालेल असा खेळ मी शोधून आणला, असं तुम्हाला वाटेल की काय, या धास्तीनं पाकिटं कालपर्यंत पर्समध्येच होती. फोडलेली नाहीत; दुकानदार परत घेईन म्हणालाय. नको असतील तर तशीच राहू द्या, मी विचारणार नाही.

दुपारी फोन करीन. काल तुम्ही उचलला नाही, म्हणून मी काम टाकून घरी आले. डोकं दुखतं हे तुम्हाला खोटंच सांगितलं. खेळाचं काही बोलू नका हवं तर. फोन मात्र उचला.

रितिका