कुणी बोलावलं तेही छापा

कोल्हापूर,
ता. ११ ऑगस्ट १९८७

ती. जोतीरामदाजींस सयाजीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतोच. ताईला म्हणावं, तिखट कांडून ठेवलंय, पुण्याला येणारं कुणी भेटलं की धाडतो.

आमच्या सूतगिरणीचा हजेरीचा प्रोग्राम तुम्हीच लिहिलेला. तो रांगायला लागला म्हणून तुम्हालाच बोलावलं. कुठला भाग किती वेळ खातो ते मोजणारा तुमचा दुसरा प्रोग्राम लावून तुम्ही अर्ध्या दिवसात निकाल दिलात. कागदावर सगळ्यात जास्त वेळ खाणारं म्हणून वर एकच फंक्शन, म्हणजे प्रोग्रामातला एक तुकडा, कामगारांची नावं क्रमाने लावणारं. तेवढं एक आमच्या ऑफिसातल्या जरीनानं लिहिलेलं. साहेबांनी तिला पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. घरात कमावणारी ती एकटी. तुम्ही तेव्हा चहात बिस्कीट बुडवत होता.

काय तुमची विद्वत्ता. पंगतीत वाढपी दमला तर त्याला कुणी कामचुकार म्हणत नाही, त्याला सारखं हाका कोण मारतंय ते बघतात. आमची चिमणाकाकू शाळेची पायरी चढली नाही, पण दारात अनोळखी माणूस आला की आधी विचारते, "पावणं, कुणाकडनं आलासा?" तुमच्या कागदाला तेवढीही अक्कल नाही. प्रत्येक फंक्शनखाली त्याला प्रोग्रामातल्या कुठल्या भागानं कामाला बोलावलं, त्या बोलावणाऱ्याला कुणी, असं मुळापर्यंत छापायला हवं, आणि कुणापायी किती वेळ गेला तेही.

जरीनानं विचारलं होतं, "सर, माझ्या फंक्शनला बोलावतंय कोण, ते यात का न्हाई दिसत?"

"बाई, एवढ्या खोलात जायची गरज न्हाई," असं तुम्ही म्हणालात.

काल मी तुमचा तो वेळ मोजणारा प्रोग्राम उघडून वाचला. बोलावणाऱ्यांची ही साखळी छापायची सोय त्यात आहे. तुम्हीच केलेली, आणि आमच्याकडे येताना तुम्हीच बंद केलेली. मी ती चालू केली. जरीनाच्या फंक्शनला बोलावणारा एकच निघाला, हजेरीच्या प्रोग्रामातला तुम्ही लिहिलेला मुख्य भाग. एकेका कामगाराची हजेरी मांडताना तुम्ही दरवेळी अख्ख्या गिरणीची नावं नव्यानं लावून घेता. एकदा लावली असती तरी भागलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते. पण ती झाकायला एका बाईची भाकरी काढून घेतलीत, याची मला किळस येते.

तो कागद आज सकाळीच साहेबांना दिला. जरीनाची नोकरी राहिली. तुम्हाला गिरणीत आता कुणी बोलावणार नाही. ताईला मी काही कळवलेलं नाही. ते तुम्हीच सांगा, आणि जरीनाचं नाव घेऊन सांगा.

यापुढं केवळ ताईचा भाऊ म्हणून,
सयाजी