रोजचे चाळीस पाव

१२ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तुझी भावजय गेल्यावर तू दीड महिना इथे राहिलीस, त्याबद्दल तुझ्यासमोर मला एक शब्द बोलता आला नाही. लिहूनही जमेलसं वाटत नाही, तेव्हा तू समजून घे.

सोमवारपासून खाणावळ उघडली. स्वयंपाक मावशीच करतात. एकोणीस वर्षं हिच्या शेजारच्या शेगडीपाशी उभ्या राहिल्या आहेत, त्यामुळे मला काही सांगावं लागत नाही. मी पूर्वीसारखाच वाढतो आणि टेबलं पुसतो.

चौकात बँक होती त्या जागी साखळी हॉटेल सुरू झालं. प्रत्येक गावात एकाच नावाची, एकाच रंगाची असतात त्यांतलंच. कारखान्याची दुसरी पाळी बंद झाल्यापासून आपलं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतंच. उरलेल्यांतले बरेच आता तिकडे जातात. परवा घरमालक आले होते. करार मार्चअखेर संपतो आणि साखळीवाल्यांना आपली जागा माल ठेवायला हवी आहे, तेव्हा ठेवायची की सोडायची ते फेब्रुवारी संपायच्या आत सांगा म्हणाले. माणूस भला आहे. बोलताना सारखा छताकडे बघत होता.

एक बारीक गोष्ट. हिने बेकरीवाल्याला रोज चाळीस पाव सांगून ठेवले होते. आता सोळा-सतराच लागतात. कमी कर म्हणून सांगायला मी रोज जातो आणि थंडीबद्दल बोलून चाळीस पाव घेऊन परत येतो. सांगणं तिचं होतं. ते मी कसं बदलू? उरलेले कापून वाळवतो. घरातले सगळे डबे भरले.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा
धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. तुझे भाऊजी विचारत होते की नक्की झालंय काय. पन्नाशी उलटलेला माणूस पाववाल्याला घाबरतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना निम्मं ऐकू आलं. पावाला कोण घाबरतं, असं दिवसभर विचारत होते.

अरे, लहानपणीही तू असाच. शिंप्याने शर्टाची एक बाही आखूड शिवली, तर त्याला वाईट वाटेल म्हणून वर्षभर एक हात मागे धरून हिंडलास. बेकरीवाल्याला सांगून टाक. माझी भावजय असती, तर तिनेच तुला ढकलत नेलं असतं.

आता खरं बोलते. जागा सोड आणि इकडे ये. माडीवरच्या खोलीला रंग दिलाय, खिडकीला नवी जाळी बसवली आहे. साखळीवाल्यांना उगाच नावं ठेवू नकोस. आमच्या गावात त्यांची तीन हॉटेलं आहेत. नातीला घेऊन मी जाते. बसायला ऐसपैस, मोरी स्वच्छ, आणि किती वेळ बसलात म्हणून कुणी बघत नाही. जेवण मात्र तिन्हीकडे इतकं सारखं, की आपण कुठल्यात बसलोय ते बाहेर येऊन पाटी वाचली की कळतं. पण लोकांना परवडतं. त्यांच्याशी तू एकटा किती दिवस झुंजणार? आणि कुणासाठी? हे शेवटचं लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलंय, राहू दे.

वेळेवर जेव. उभ्या उभ्या खाऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते पाठवायला पत्र लागत नाही.

तुझी
ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून साखळी हॉटेलात जेवून आलो. नावं ठेवण्यासारखं काही नाही. सूप गरम होतं. वाढणारी मुलगी आपल्याच गल्लीतली, लॉन्ड्रीवालीची भाची. तिने ओळख दाखवली आणि पाणी दोनदा आणून दिलं. मी तिला कामाचं विचारलं. पाव, भाजी, सूप, सगळं ट्रकमधून गोठवलेलं येतं, आम्ही फक्त गरम करतो, असं म्हणाली. हात पुसायला कागद. तिच्या लॉन्ड्रीवाल्या मावशीकडे धुवायला जाईल असं तिथे काहीच नाही.

तिथून तसाच बेकरीत गेलो आणि डोळे मिटून सांगून टाकलं, की उद्यापासून सतराच पाव दे. बेकरीवाला खाली बसला. मला वाटलं, दुखावला. तर तो हसायला लागला. ताई, त्याची दुसरी भट्टी गेल्या पावसाळ्यापासून फक्त आपल्या चाळीस पावांसाठी पेटत होती. त्याला ती केव्हाचीच बंद करायची होती. पण हिने सांगितलेले पाव ती गेल्यावर आपण कसे कमी करायचे, धाकट्याला काय वाटेल, म्हणून तो पहाटे उठून भट्टी पेटवत होता. मी त्याच्यासाठी घेत होतो आणि तो माझ्यासाठी भाजत होता. आम्ही दोघं पिठाच्या पोत्यावर बसून हसलो. नंतर त्याने डोळे पुसले. मीही पुसले. पीठ होतं डोळ्यांत, असं तो म्हणाला.

पण निघताना तो सहज म्हणाला, तू जागा सोडलीस तर माझी पहिली भट्टीही फार दिवस चालणार नाही. भाजीवालीही तेच म्हणाली. आपल्या गल्लीत असंच चाललं आहे. भाजीवाली, लॉन्ड्रीवाली, बेकरीवाला, सगळे आपल्याकडून कमावतात आणि दुपारी आपल्याकडेच जेवतात. आता मला रात्रंदिवस तेवढंच दिसतं. राहावं तर जीव नाही, जावं तर पाय निघत नाही. घरमालकांना तीन आठवड्यांत सांगायचं आहे. तू सांग, काय करू?

तुझाच
धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या गल्लीला मनातलं न बोलण्याचा रोग आहे. मलाही तो आहे, म्हणून आधी माझं सांगते. माडीवरची खोली तुझ्यासाठी म्हणून लिहिलं, ते अर्धंच खरं होतं. भाऊजींना ऐकू येत नाही, नात शाळेत जाते, आणि मला दिवसभर बोलायला कुणी नाही. मला तू माझ्यासाठी हवा आहेस. हे ठाऊक असू दे आणि मग ठरव.

गल्ली अशी डोक्यावर घेऊन कुणी चालू शकत नाही. बेकरीवाल्यासाठी म्हणून चालवशील तर वर्षभरात तूही मोडशील आणि बेकरीही. ज्याला स्वतःला त्या शेगडीपाशी उभं राहावंसं वाटतं, त्यानेच ती चालवावी. तुला वाटतं का, ते स्वतःला विचार.

आणि एक. तू सगळ्यांचं लिहिलंस, मावशींचं अवाक्षर नाही. मी दीड महिना तिथे होते. मला त्या बाई नुसत्या हाताखालच्या वाटल्या नाहीत. त्यांना विचारलंस का?

जे करशील ते मला कळव. रागावणार नाही, रुसेन फार तर.

तुझी
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. दोन दिवस शब्द जुळवत होतो, तिसऱ्या दिवशी भांडी लावताना विचारलं. मावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. साखळीवाल्यांनी त्यांना डिसेंबरातच बोलावलं होतं. पगार बरा, आठवड्याला सुट्टी. मी एकटा पडेन म्हणून त्या गेल्या नाहीत आणि मला बोलल्याही नाहीत. मी म्हणालो, माझ्यासाठी थांबू नका, जा. तर त्या रागावल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, मला दुसऱ्याचं गरम करायला जायचं नाही, मला ही खाणावळ हवी आहे. पण बाईंची जागा मागायची कशी?

मी खुर्चीवर बसलो. ताई, खरं सांगतो, मला हलकं वाटलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आधीच माहीत होतं. शेगडी हिची होती, मी हिच्यासाठी तिथे होतो.

मग मावशींनी आणखी एक विचारलं. इतके दिवस त्या हिच्या हातची चव जपून रांधत होत्या, स्वतःला पटत नसली तरी. हिला मिरी कमी लागायची. जागा माझी झाली तर चव माझी होईल, चालेल का, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपल्या पद्धतीने सूप केलं आणि मला खुर्चीवर बसवून वाढलं. पहिला घोट घेतला आणि ती गेली, हे मला त्या क्षणी कळलं. इतके दिवस रोज दुपारी ती आत उभी आहे असंच वाटायचं. वाटी खाली ठेवली. मावशी आत निघून गेल्या. सूप चांगलं होतं, ताई. मी ते संपवलं आणि आणखी मागितलं.

काल घरमालकांकडे आम्ही दोघं गेलो. नवा करार मावशींच्या नावाने होतो आहे. संध्याकाळची जेवणं बंद, फक्त दुपारची. टेबलं चार कमी. टिकेल की नाही ते कुणीच सांगू शकत नाही. बेकरीवाला म्हणतो, वर्षभर तर टिकेल. मी वाढायला आहे, पण आता नोकरीवर.

तुझ्याकडे कायमचा नाही, पण येतो आहे. माडीवरच्या खोलीत राहीन आणि तू बोलशील ते सगळं ऐकेन. महिनाभराची रजा मागितली होती. मालकीणबाई म्हणाल्या, नव्या गड्याला इतकी मिळत नाही. पंधरा दिवस दिले आहेत. शनिवारी दुपारच्या गाडीने निघतो. भाऊजींना मोठ्याने सांगून ठेव.

बाकी समक्ष बोलू. तोवर लोभ नेहमीचाच असू दे, आणि रुसू नकोस.

तुझा
धाकटा