रजिस्टरातलं ‘कळवले’

४ मार्च
चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.
काल तुमच्या पोलिसांनी पुलाच्या दुरुस्तीसाठी राज्याच्या सीमेवरचा रस्ता बंद केला आणि मी चालवत होते ती बस फाटकासमोर चार तास अडकली. बसमध्ये आपल्या शाळेचे मास्तर होते, तुमच्याकडच्या दवाखान्यात डायलिसिसला निघालेले. त्यांचा नंबर हुकला, आता ते अतिदक्षता विभागात आहेत. तुमच्या रजिस्टरात म्हणे ‘सात वाजता पलीकडे कळवले’ असं आहे. आमच्या डेपोला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता, तरी निरोप डावलून बस काढली म्हणून मलाच घरी बसवलंय. तेरा तारखेला दोन्हीकडच्यांची चौकशी आहे. तू त्याच कंट्रोल रूममध्ये बसतोस, तेव्हा ते कुणी लिहिलं ते शोध. त्याला चांगला फैलावर घेते.
वहिनीला सांग, मी वेळेवर जेवते आहे. माया असू दे.
तुझी ताई

७ मार्च
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
मलाच फैलावर घे. अक्षर माझं आहे. साडेसातला साहेब रजिस्टर बघतात, म्हणून आम्ही सगळेच आधी ‘कळवले’ लिहितो आणि मग फोन लावतो. त्या दिवशी तुमच्याकडे कुणी उचलला नाही, तेवढ्यात साहेबांची हाक आली आणि माझ्या डोक्यातून पार गेलं. साहेब म्हणतात, गप्प राहा, बढतीची यादी तोंडावर आहे. काय करू?
रागावलीस तरी पत्र पाठव.
धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
आधी अंगाचा तिळपापड झाला, मग रडले. काय करायचं ते मी सांगणार नाही. शाळेत तुझी गणितं मी सोडवायचे, तेवढं पुरे झालं. मास्तर शुद्धीवर आलेत आणि चौकशीला येतोच म्हणतात.
लोभ आहे, आज जरा कमी.
ताई

१४ मार्च
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
काल चौकशीत तू मागे बसली होतीस, पण बोलताना मला कुणीच दिसत नव्हतं. सगळं सांगून टाकलं आणि इतकं हलकं वाटलं की हसूच येत होतं. बढती गेली. आता पलीकडे फोन कुणी घेतला त्याचं नाव लिहिल्याशिवाय रस्ता बंद करायचा नाही, असा हुकूम निघालाय. सोमवारपासून तुझी बस सुरू आणि माझी ड्युटी फाटकावर.
तू गेल्यावर मास्तरांनी मला थांबवलं. फोनचं राहू दे, म्हणाले, फाटकापासून बस वीस पावलांवर होती, चार तासांत तुमच्यातलं कुणी चालत का आलं नाही? ताई, आता फाटकावर बस अडकली की ती वीस पावलं माझी.
तुझ्या वहिनीचा नमस्कार. पूर्वीइतकाच लोभ दे.
धाकटा